सिम्युलेशनमध्ये विद्यार्थिनी थबकली, तर शिक्षिकेने पुढे केव्हा यावे?

सुरंगी (धागा सुरू करणारी)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे सिंधुदुर्गातील एका नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. वॉर्डात मुलींना सोबत घेऊन काम करण्याची मला सवय आहे. सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावर प्रसंग रचून शिकवणे, मात्र माझ्यासाठी अजून नवे आहे. बी.एस्सी. नर्सिंगचा सत्रपद्धतीचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये आला, त्यात सिम्युलेशनला स्वतंत्र तास मिळाले, आणि काही काळाने आमच्याकडे छाती वर-खाली होणारा, नाडी लागणारा, स्पीकरमधून बोलणारा मॅनिकिन, म्हणजे रुग्णाचा पुतळा, आला. तो कसा चालवायचा हे कंपनीच्या माणसाने दोन दिवसांत शिकवले. त्याच्याशेजारी उभ्या राहिलेल्या मुलीला आधार कसा द्यायचा, हे कोणी शिकवले नाही.

जुलैमध्ये मी सर्पदंशाचा प्रसंग रचला, कारण लावणीच्या दिवसांत आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत हे रुग्ण येतातच. चाळिशीतला शेतकरी, गडग्याचे दगड सारखे करताना हाताला फुरसे चावलेले. काचेच्या कोरड्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांनीही गोठलेले नाही. प्रतिसर्पविष (विषावरचे औषध) सलाईनमधून सुरू झाले आहे आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या रुग्णाकडे गेले आहेत. दहाव्या मिनिटाला रुग्णाला खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, गळा आवळल्यासारखा वाटतो आणि रक्तदाब उतरू लागतो. विद्यार्थिनीने प्रतिसर्पविष तत्काळ थांबवावे, मदतीसाठी हाक मारावी, ऑक्सिजन लावावा आणि प्रसंगातील लेखी सूचनेप्रमाणे ॲड्रिनॅलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यावे, अशी माझी अपेक्षा होती.

तिसऱ्या वर्षाची एक अभ्यासू मुलगी पुढे होती. रुग्णाने तक्रार केली, मॉनिटरवरचे आकडे उतरू लागले आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मी साधारण दीड मिनिट थांबले. मग मला राहवले नाही. मी पुढे गेले, सलाईनचा क्लॅम्प बंद केला, ट्रेमधली सिरिंज उचलली आणि सगळे स्वतः करून दाखवले. ती भिंतीला टेकून पाहत राहिली. नंतरच्या चर्चेत मी प्रेमानेच विचारले, "तू थांबलीस का?" तिला रडू कोसळले. तेव्हापासून लॅबचा दिवस आला की तिचे काही ना काही निमित्त असते.

मी तिला मदत केली असे मला त्या क्षणी वाटले होते. आता वाटते की मी तिच्या हातातून काहीतरी काढून घेतले. वॉर्डात असे झाले असते तर मी पुढे जाणे हेच बरोबर ठरले असते, कारण तिथे माणसाचा जीव असतो. इथे जीव नव्हता. मग इथे माझे काम नेमके कोणते होते? ज्यांना या कामाचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

जुनी सिस्टर

सुरंगीताई, मी रायगड जिल्ह्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर काही वर्षे शिकवले. तुम्ही स्वतःला दोष देत आहात, पण ज्या शिक्षिकेचा हात रुग्णासाठी पुढे गेला नाही, ती कधी चांगली नर्स नव्हतीच, असे मी म्हणेन. तुमचा हात सवयीने गेला. वॉर्डातली सवय घेऊन आपण लॅबमध्ये येतो आणि तिथे ती आडवी येते, एवढाच या घटनेचा अर्थ आहे.

आमच्या वेळी लाकडी पलंगावर एक बाहुली असायची. तिच्यावर बेड बाथ, पट्ट्या, एनिमा एवढे शिकायचे आणि बाकी सारे थेट रुग्णावर. अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयातील नर्सिंग शाळेने १९११ मध्ये माणसाएवढी बाहुली बनवून घेतली होती, तिला मिसेस चेस म्हणत. ती बोलत नव्हती, श्वास घेत नव्हती. "मला दुखते आहे" हे तिच्यावतीने शिक्षिकेलाच म्हणावे लागे. आता यंत्र बोलते, पण त्याच्या तोंडी शब्द घालणारी व्यक्ती अजूनही शिक्षिकाच आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच दिसते. तुम्ही शिक्षिका म्हणून पुढे जाण्याआधी रुग्ण म्हणून किती बोललात?

---

कातळ

मी रत्नागिरी जिल्ह्यात शिकवतो. जुन्या सिस्टरांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. तोच मुद्दा पुढे नेतो, पण त्याआधी सुरंगीताईंना एक प्रश्न : रुग्णाच्या अंगावर उठलेल्या गांधी त्या मुलीला कशा दिसणार होत्या?

विचारण्याचे कारण असे. प्रसंग चालू असताना आपण जी मदत करतो ती दोन वेगळ्या प्रकारची असते आणि बहुतेक शिक्षक त्या दोन्हींची सरमिसळ करतात. पहिली मदत पुतळ्याची उणीव भरून काढण्यासाठी असते. प्लास्टिकची कातडी लाल होत नाही, तिला घाम येत नाही, तळवे गार पडत नाहीत. खऱ्या रुग्णाजवळ जे डोळ्यांना आणि हातांना आपोआप कळले असते ते इथे कोणीतरी सांगावेच लागते. ही मदत कधीही आखडती घेऊ नये, कारण ती न दिल्यास आपण मुलीची परीक्षा घेत नसून तिला अंधारात ठेवत असतो. दुसरी मदत विचाराला वळण देण्यासाठी असते. सगळी चिन्हे समोर आहेत, पण त्यांचा अर्थ लागत नाही, अशा वेळी दिलेला तो हलका धक्का असतो. तो मात्र जपून, उशिरा आणि शक्यतो प्रसंगाच्या आतूनच द्यावा.

आतून म्हणजे कसा, तर आधी रुग्णाच्या तोंडून. "बाय, मघापासून ह्या सलाईन लावल्यापासना माका कसातरीच होता," असे रुग्ण म्हणाला, तर उत्तर न सांगता सलाईनकडे लक्ष वेधले जाते. तेवढ्याने झाले नाही तर नातेवाईक बोलतो : "सिस्टर, यांचा आवाज बदललाय." त्यानंतर शेजारच्या खोलीतून डॉक्टरांचा फोन येतो आणि ते रुग्णाची सद्यःस्थिती विचारतात. फोनवर सांगू लागले की माणसाचे स्वतःचे विचार जागेवर येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. तेही पुरेसे पडले नाही, तर सोबतची विद्यार्थिनी मदतनीस सिस्टर म्हणून खोलीत येते. आणि हे सारे करूनही ती अडलेलीच असेल तर प्रसंग थांबवावा, "आपण इथे थांबू या, तुला आत्ता काय दिसते आहे ते सांग" असे म्हणावे आणि पुन्हा तिच्याच हातून सुरू करावा. सिरिंज शिक्षिकेने उचलण्याची पायरी या जिन्यावर मुळी येतच नाही.

मात्र याहून मोठे काम प्रसंगाच्या आधीचे आहे. आम्ही प्रत्येक प्रसंगाआधी पंधरा मिनिटे केवळ ओळखीसाठी देतो. नाडी कुठे लागते आणि कुठे लागत नाही, श्वासाचे आवाज छातीच्या कोणत्या भागात ऐकू येतात, इंजेक्शन नेमके कुठे टोचायचे, इमर्जन्सी ट्रेमध्ये काय कुठे आहे, फोन लावला तर कोण उचलेल, हे सारे मुलींनी हाताळून पाहायचे. मग उद्देश सांगायचा. निदान सांगायचे नाही, पण आज कशाचा सराव आहे हे झाकूनही ठेवायचे नाही. आणि शेवटी शब्द द्यायचा : इथे जे घडेल ते या खोलीत राहील, मोबाइल बाहेरच्या टेबलावर राहतील, आणि आम्ही तुम्हाला फसवणार नाही. बॉस्टनच्या एका सिम्युलेशन केंद्राने यासाठी एक गृहीतक मांडले आहे आणि जगभर ते वापरले जाते : इथे आलेली प्रत्येक व्यक्ती हुशार आहे, सक्षम आहे, तिला आपले काम उत्तम करायचे आहे आणि सुधारायचे आहे. आम्ही ते मराठीत लिहून दारावर लावले आहे. मुली वाचतात की नाही ठाऊक नाही. शिक्षकांनी मात्र ते रोज वाचावे, असे मला वाटते.

---

तिसरे वर्ष

मी विद्यार्थिनी आहे, सुरंगी मॅडमच्या महाविद्यालयातली नाही. त्या जागेवर उभे राहिल्यावर काय होते ते सांगावेसे वाटले म्हणून लिहिते.

वॉर्डात आम्ही चौघी असतो, सिस्टर असतात, मावशी असतात, कोणी आमच्याकडेच पाहत बसलेले नसते. लॅबमध्ये मात्र नऊ जणी खुर्च्यांवर बसून माझ्याकडे पाहतात आणि मॅडमच्या हातात चेकलिस्ट असते. मॅडमनी कागदावर खूण केली की माझे लक्ष रुग्णावरून त्या पेनाकडे जाते. खूण बरोबरची होती की चुकीची, हेच डोक्यात राहते. आणि या गोष्टीला अंतर्गत गुण आहेत की नाहीत, हे आम्हाला स्पष्ट सांगितलेले नसते. सराव आहे असे म्हणतात, पण मग शेवटी कोणाचे किती बरोबर आले ते वाचून दाखवतात.

दुसरी गोष्ट भाषेची. मी मराठी माध्यमातून आले. रुग्णाशी मी मालवणीत सहज बोलते, पण पुतळ्याशी इंग्रजीत बोलावे असे आम्हाला सांगितले आहे. रुग्ण घाबरला आहे, हे इंग्रजीत कसे समजावायचे ते शोधण्यात वेळ जातो आणि सगळ्यांना वाटते की मला पुढचे येत नाही.

एक विचारते. प्रसंगात रुग्ण दगावला तर शिक्षक काय करतात? आमच्या वरच्या वर्गात एकदा असे झाले होते आणि त्या ताई दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

---

सुरंगी

बाळ, तू लिहिलेस ते वाचून मी बराच वेळ तशीच बसले. आमच्याकडेही चेकलिस्ट घेऊनच बसतो आणि सरावाला गुण आहेत की नाहीत हे आमचे आम्हालाच नीट ठरवता आलेले नाही.

कातळ सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर : गांधी दिसण्याची काहीही सोय मी केली नव्हती. तोंडी सांगणार होते आणि गडबडीत विसरले. खाज येते आणि गळा आवळतो हे मी स्पीकरवरून बोलले होते, पण त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की पत्र्याखाली एकमेकींचे बोलणे ऐकू येत नव्हते. तिला ते कितपत ऐकू गेले असेल, याचा विचार मी आज पहिल्यांदा करते आहे.

---

भरती

मी डॉक्टर आहे, किनाऱ्यावरच्याच एका ग्रामीण रुग्णालयात तातडीचे रुग्ण पाहतो. वरची चर्चा मला पटते, तरी एका गोष्टीला विरोध नोंदवणे मला कर्तव्य वाटते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अशा जीवघेण्या ॲलर्जीत, ॲड्रिनॅलिनला होणारा उशीर माणसाला मारतो. रुग्णाच्या तोंडून संकेत, मग नातेवाईक, मग फोन, असे करत पाच-सहा मिनिटे गेली आणि शेवटी मुलीने बरोबर उपचार केला, तर तिच्या शरीराला सवय कोणती लागली? उशिराची. माझ्याकडे रात्री एकच सिस्टर ड्यूटीवर असते आणि पुढचे मोठे रुग्णालय घाट चढून कोल्हापूरला किंवा खाली गोव्यात बांबोळीला. त्या सिस्टरच्या हातांनी विचाराच्या आधी क्लॅम्प बंद केलेला मला हवा आहे.

माझी सूचना अशी की प्रसंगात उभे करण्याआधी हात बसवून घ्या. एक मिलिलिटरच्या ॲम्प्युलमधून (औषधाच्या काचेच्या कुपीतून) अर्धा मिलिलिटर काढणे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी टोचणे, वेळ नोंदवणे, हे वीस वेळा, पंचवीस वेळा, डोळे मिटून जमेपर्यंत. ज्या मुलीला ॲम्प्युल फोडण्याचीच धास्ती आहे तिच्याकडून निदानाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

---

कातळ

डॉक्टरसाहेब, तुमचा विरोध रास्त आहे आणि त्याला उत्तर म्हणून नव्हे, तर जोड म्हणून लिहितो. सगळे प्रसंग एका जातीचे नसतात. जिथे सेकंद मोजायचे आहेत तिथे जॉन्स हॉपकिन्समध्ये बालरोगाच्या निवासी डॉक्टरांसाठी वापरलेली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आम्ही घेतली आहे. त्यात चूक होताच शिक्षक तिथल्या तिथे थांबवतो, दोन वाक्यांत दुरुस्ती सांगतो, घड्याळ मागे फिरवतो आणि तोच तुकडा पुन्हा करायला लावतो. तो साधला की मगच पुढचा. छातीवर दाब देण्याचा सराव आम्ही असाच घेतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि मध्ये दहा सेकंदांहून अधिक खंड पडला की थांबायचे आणि पुन्हा. अशा सरावात शिक्षकाने उघडपणे, सतत बोलावे. तिथे गप्प बसणे हा दुष्टपणा ठरेल.

परंतु सुरंगीताईंच्या प्रसंगाचा विषय वेगळा होता. तिथे चिन्हे ओळखायची होती, त्यांचा अर्थ लावायचा होता. ओळखण्याचे काम हात बसवून येत नाही. त्यासाठी मुलीला काही काळ स्वतःच्या विचारासोबत एकटे राहू द्यावे लागते. म्हणून आधी हातांचा सराव, नंतर कधीतरी विचाराचा प्रसंग, आणि आज यांपैकी कोणते चालले आहे हे मुलींना ठाऊक असणे, असा क्रम मला योग्य वाटतो.

यंत्रावर विसंबून चालत नाही याचा मोठा पुरावा अमेरिकेतला आहे. तिथल्या राज्यांच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय संस्थेने दहा नर्सिंग शाळांत दीर्घ अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला की रुग्णालयातील प्रात्यक्षिकाचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरून काढले, तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत फरक पडत नाही. आपल्याकडे हे वाक्य फार उद्धृत होते. त्याच्या पुढची अट मात्र सोडून दिली जाते : त्या शाळांतले शिक्षक या कामासाठी खास प्रशिक्षित होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर पद्धतशीर चर्चा होत होती. आपण पुतळा आणतो आणि अट तिथेच ठेवून येतो.

---

जुनी सिस्टर

आता त्या नंतरच्या चर्चेविषयी, कारण मला वाटते सुरंगीताईंची विद्यार्थिनी प्रसंगात हरली नाही, ती चर्चेत हरली.

ताई, तुम्ही तिला विचारलेत, "तू थांबलीस का?" तुमचा स्वर प्रेमळ असणार यात मला शंका नाही. पण आपल्या घराघरांत "का" हा शब्द कसा वापरला जातो ते आठवून पाहा. "इतका उशीर का?" "दूध उतू का गेले?" "मार्क कमी का पडले?" लहानपणापासून मुलीने ऐकलेल्या बहुतेक "का"ला उत्तर नको असते, मान खाली घातलेली हवी असते. त्यामुळे शिक्षिकेच्या तोंडी तो शब्द आला की मुलगी उत्तर शोधत नाही, क्षमा शोधते. मी निवृत्तीच्या आधी काही वर्षे हा शब्द चर्चेतून प्रयत्नपूर्वक काढून टाकला होता. त्याऐवजी मी आधी जे पाहिले ते सांगायची, मग त्याविषयी मला काय वाटले ते न लपवता सांगायची, आणि मग तिचे ऐकायची. "रक्तदाब नव्वदच्या खाली गेला तेव्हा तू मॉनिटरकडे पाहत होतीस असे मला दिसले. प्रतिसर्पविष चालूच राहिले याची मला काळजी वाटली. त्या वेळी तुझ्या मनात काय चालले होते, ते मला समजून घ्यायचे आहे." बॉस्टनच्या त्याच मंडळींनी या पद्धतीविषयी २००६ मध्ये लिहिले आणि त्यात स्पष्ट म्हटले की शिक्षकाने आपले मत लपवून तटस्थतेचा आव आणू नये, कारण विद्यार्थ्याला ते चेहऱ्यावर दिसतेच. मत सांगा, पण तिच्या कृतीमागे काही विचार होता हे धरून चाला आणि तो विचार शोधा.

चर्चेची सुरुवात मात्र याने करू नये. पहिली पाच मिनिटे केवळ मन मोकळे करण्यासाठी. "कसे वाटले?" एवढेच. कोणी रडली तर रडू द्यावे, पाणी द्यावे, घाईने समजूत घालू नये. छातीतली धडधड शांत झाल्याशिवाय डोके शिकायला तयार होत नाही. आणि प्रश्न विचारल्यानंतर थांबावे. मी मनात दहा आकडे मोजायची. सहा-सातला मला वाटायचे की आता आपणच बोलावे, आणि आठ-नऊला कोपऱ्यातली सर्वांत अबोल मुलगी बोलायची. प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर चर्चेला वीस मिनिटे तरी हवीत.

चुकांविषयी एक सांगते. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंच्या नावावर चुका अधिक दिसल्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथे चुका अधिक होत नव्हत्या, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. लॅबमध्ये जी मुलगी "मॅडम, माझ्याकडून राहिले" असे न घाबरता म्हणायला शिकते, तीच उद्या रात्रीच्या ड्यूटीवर चुकीचे इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरांना उठवते.

तिसऱ्या वर्षाच्या मुलीने विचारले त्याविषयी माझे मत ठाम आहे, इतरांचे वेगळे असू शकेल. विद्यार्थिनीच्या चुकीची शिक्षा म्हणून पुतळा मारू नये. मृत्यूला सामोरे जाणे शिकवायचेच असेल, तर ते शेवटच्या वर्षात, आधी सांगून, तोच विषय ठेवून शिकवावे आणि त्या दिवशी शिक्षिकेने मुलींना एकटे घरी पाठवू नये.

---

खाडीपलीकडे

मी ए.एन.एम.च्या, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेच्या अभ्यासक्रमाच्या, मुलींना शिकवते. आमच्याकडे बोलणारा पुतळा नाही, आणि पावसाळ्यात वीज इतक्या वेळा जाते की असता तरी तो अर्धा वेळ मुकाच राहिला असता. तरीही आम्ही सिम्युलेशन करतो, कारण त्याला मुख्य लागते ते माणूस.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा प्रसंग मी स्वतः करते. पोटाशी बांधायची एक पिशवी शिवून घेतली आहे, तिच्यात बाहुली, कापडाची वार आणि नळी जोडलेली सलाईनची बाटली. रक्त म्हणून कोकमाचे आगळ तांदळाच्या पेजेत कालवून घेते. कपड्यावर ते रक्ताइतकेच फसवे पसरते. मी टेबलावर झोपते आणि बाळंतीण होते. बाळ बाहेर येते, मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत दिले जाते, वार पडते, आणि मग मी हळूच नळी सोडते. किती रक्त गेले हे मुलींना डोळ्यांनी सांगायचे असते. जवळजवळ प्रत्येक तुकडीत अंदाज कमी येतो. पाचशे मिलिलिटर जाऊन गेलेले असते आणि त्या दोनशे म्हणतात. मग आम्ही चिंब झालेले कपडे वजनकाट्यावर ठेवतो.

टेबलावर झोपल्यामुळे मला जे कळते ते बाजूला उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला कळत नाही, असे मी सांगेन. माझे पोट चोळणारा हात घाबरलेला आहे की ठाम आहे, ते मला कातडीला कळते. मुलगी माझ्याशी बोलते आहे की माझ्या अंगावरून दुसरीशी बोलते आहे, तेही कळते. ती गोंधळली की मी तिचा हात धरते आणि म्हणते, "सिस्टर, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येतेय." रुग्णाने हात धरला की मुलगी सावरते. हे मी शिक्षिका म्हणून खांद्यावर हात ठेवून साधत नाही.

भाषेबद्दल तिसऱ्या वर्षाच्या मुलीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. रुग्णाशी बोलणे रुग्णाच्या भाषेत, डॉक्टरांना हँडओव्हर ठरलेल्या क्रमाने आणि केस शीट इंग्रजीत, असा आमचा नियम आहे. मालवणीत धीर देता येणे हे कौशल्य आहे आणि चर्चेत मी त्याची वेगळी दखल घेते.

---

सुरंगी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार मानण्यापेक्षा काय घडले तेच सांगते.

मी त्या मुलीला वर्गात नव्हे, वाचनालयाच्या व्हरांड्यात भेटले. आधी मीच सांगितले की सिरिंज उचलणे ही माझी चूक होती. मग "का" टाळून विचारले. ती बराच वेळ गप्प होती आणि मी जुन्या सिस्टरांचे आकडे मोजत होते. मग ती म्हणाली, "मॅडम, स्पीकरमधून नुसती खरखर येत होती, मला वाटले मशीन बिघडले." आणि पुढे म्हणाली, "बी.पी. उतरत होते, पण फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही ना? मला वाटले आतून कुठेतरी रक्तस्राव होतो आहे. मग प्रतिसर्पविष बंद करायचे की चालूच ठेवायचे, तेवढे ठरवत होते."

ती थिजली नव्हती. खाज आणि गांधी तिच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, आणि हाती होत्या त्या माहितीवर ती जे ठरवत होती ते अगदी योग्य प्रश्नाचे उत्तर होते. एखाद्या अनुभवी डॉक्टरलाही तिथे क्षणभर थांबावे लागले असते. तिचा विचार सर्वांत खोल होता नेमक्या त्या क्षणी मी तिला बाजूला सारले आणि नऊ जणींसमोर तिला काही येत नाही असे ठरवून टाकले. हे मी तिच्या संमतीने वर्गाला सांगितले. सांगताना माझा आवाज स्थिर राहिला नाही.

त्यानंतर केलेले बदल असे. सरावाला गुण नाहीत हे आम्ही लेखी दिले आणि चेकलिस्ट खोलीबाहेर गेली. भरती डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे दोन दिवस केवळ ॲम्प्युल आणि मांडीतले इंजेक्शन घेतले. बघणाऱ्या मुलींना कामे वाटून दिली : एकीने फक्त वेळ लिहायची, एकीने रुग्णाशी झालेले बोलणे, एकीने प्रत्येक औषधाआधी तपासलेले नाव. त्यामुळे त्या नुसत्या प्रेक्षक राहिल्या नाहीत. गांधींसाठी पारदर्शक कागदावर लाल चट्टे रंगवून ते पुतळ्याच्या सदऱ्याखाली चिकटवले, म्हणजे सदरा वर केला तरच दिसतील. आणि स्पीकर बंद ठेवून मी पडद्याच्या या बाजूला, पुतळ्याच्या उशाशी बसून स्वतःच्या आवाजात बोलले.

काल तीच मुलगी पुन्हा उभी राहिली. मी म्हटले, "बाय, माका अंगभर खाज येता." तिने सदरा वर केला, चट्टे पाहिले आणि तिचा हात क्लॅम्पकडे गेला. मदतीसाठी हाक मारली, ऑक्सिजन लावला. ॲड्रिनॅलिन काढताना हात थरथरत होता आणि ॲम्प्युलचा तुकडा खाली पडला. माझा हात मांडीवरून उचलला गेला होता, तो मी तसाच धरून ठेवला. मी केवळ एवढे म्हटले, "गळो आवळल्यासारखो वाटता." तिने दुसरे ॲम्प्युल घेतले, मांडीत इंजेक्शन दिले, वेळ मोठ्याने सांगितली आणि मग माझ्याकडे नव्हे, पुतळ्याकडे वाकून म्हणाली, "काका, भियाव नकात, मी हंयच आसंय."

रक्तदाब पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचा तिच्याकडून राहिला. चर्चेत ते तिने स्वतःच सांगितले.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गटासाठी प्रसूतीनंतरचा रक्तस्राव घेणार आहोत. खाडीपलीकडच्या ताईंना एक विचारायचे आहे : आगळ पेजेत कालवताना प्रमाण किती घेता, आणि पिशवीसाठी कोणते कापड वापरलेत?